बेदाण्याची जाळी

कव्हर जिनेंद्रनेच काढून टाकलं होतं.
अर्धा किलो वजन कमी, म्हणाला,
आणि पुली हाताशी येते,
दर वेळी सहा बोल्ट कोण खोलत बसणार.

अब्बा काही बोलले नाहीत.
ऐकू यायचं बंद झालं तेव्हापासून
ते उत्तरं हातानंच देतात.
बोनेटवर तळवा ठेवून उभे राहिले,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा...
नाही, तसा नाही.
मिस्त्री ठेवतो तसाच.

सावळजच्या पलीकडं माळावर
मुरूम दाबून केलेला ट्रॅक.
तिसऱ्या फेरीला खडा उडाला,
कुठून, ते पुढच्या गाडीला विचारा.
वाटाण्याएवढा.
बेल्ट आणि पुलीच्या मधे शिरला
आणि बेल्ट दोन दात सरकला.
दोनच.
एस्टीम आम्ही ढकलत बाहेर आणली.
व्हॉल्व्ह वाचले,
जिनेंद्रचं तोंड वाचलं नाही.

मिरजेपर्यंत दोरीनं ओढत आणताना
मी त्याला सांगत होते, दोन दात म्हणजे काय:
वर कॅम, खाली क्रँक,
खालचा दोनदा फिरतो तोवर वरचा एकदा.
एकमेकांचं तोंड न बघता
दोघांनी वेळ पाळायची,
एका फेऱ्याचीसुद्धा उधारी नाही.
आणि मधे कोण, तर हा रबराचा पट्टा.
ना डोळे, ना कान.
दात आहेत तेवढे.

शुक्रवारी गॅरेज बंद असतं.
अब्बा तासगावला गेले
आणि काखेत जाळीची गुंडाळी घेऊन परतले.
कुणीतरी बेदाण्याचा रॅक मोडला होता,
भंगाराच्या भावानं दिली.
"पत्र्यानं बंद केलं तर आत भट्टी होते,
रबर भाजून चिरतं.
उघडं ठेवलं तर खडे.
जाळीतून वारं जातं, द्राक्ष जात नाही."
वर्षभरात एवढं लांब बोलले नव्हते.
आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नसल्यानं
जरा मोठ्यानं बोलले,
समोरचा पंक्चरवाला बघायला आला.

तेलाचा डबा कापून चौकट केली,
एका कोपऱ्यावर सूर्यफूल अर्धं राहिलं.
जाळीचे दोन थर, दुसरा तिरका,
म्हणजे एकाच्या भोकावर दुसऱ्याची तार.
खाली क्रँकपाशी जुन्या ट्यूबची झालर,
चाकानं फेकलेलं तिथंच आपटून पडावं म्हणून.
मी कडा दुमडल्या. अंगठा कापला.
आणि खुणा लावायला त्यांनी
माझं नेलपॉलिश घेतलं, न विचारता.
डाळिंबी. ईदला आणलेलं.
एक ठिपका कॅमच्या पुलीवर, एक समोर,
तसेच दोन खाली.
मी म्हटलं, पांढरा रंग होता की डब्यात.
त्यांना ऐकू आलं नाही,
किंवा आलं.

पुढच्या शर्यतीत चौथे आलो.
टायरनं घात केला, इंजिननं नाही,
शेवटच्या वळणापर्यंत ते एका सुरात
शिव्या दिल्यासारखं धावत होतं.

संध्याकाळी माळावरच कव्हर खोललं.
दोन थरांच्या मधे अडकलेले खडे
मी स्क्रू-ड्रायव्हरनं एकेक उचकटले:
एकोणीस.
विसावा मऊ लागला.
बेदाणा होता.
रॅकवरचाच, दुमडीत राहून गेलेला,
काळा, धुळीनं माखलेला,
तरी नाकाजवळ नेला तर गंधकाचा वास.
सगळी शर्यत बसून आला होता,
बेल्टपासून दोन बोटांवर.
जिनेंद्र म्हणाला, टाक तो.
अब्बांनी फुंकला, उलटसुलट बघितला
आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

मग टॉर्च मागितली.
इंजिन हातानं फिरवत फिरवत आणलं
आणि वाकून बराच वेळ बघत राहिले.
डाळिंबी ठिपक्यासमोर डाळिंबी ठिपका.
मान वर न करता बोटं नाचवली:
किती सरकला?
मी त्यांच्या डोळ्यांसमोर मूठ धरली.
बंद मूठ.
त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून
उघडून बघितली,
आत काही लपवलंय की काय.

मागे जिनेंद्र कुणाला तरी विचारत होता,
चौथ्या नंबराला काही असतं का.
खडे आहेत, म्हटलं. एकोणीस.
घेऊन जा.